डबा विरुद्ध पाट

राष्ट्राचं भवितव्य मतपेटीत घडतं, हे मी वर्गात पुष्कळ वर्षं शिकवलं आणि त्यावर माझा विश्वासही आहे. आमच्या रायपूरच्या पुरानी बस्तीतल्या घरात जी मतपेटी आली होती, तिच्यात मात्र तुरीची डाळ होती. पेटी जाड लोखंडाची, झाकण असं घट्ट की उंदराचा दात लागू नये. हा गुण आईच्या लक्षात पहिल्याच दिवशी आला. मत टाकायची फट तिनं चिंधीनं बुजवली आणि पेटी फळीवर चढवली. बाबा संध्याकाळी ऑफिसातून आले, वर पाहिलं आणि म्हणाले, "हे सरकारी आहे." आई म्हणाली, "डाळ बी सरकारी दुकानातलीच आहे."

बाबा सिंचन खात्यात बडे बाबू होते. त्या काळात मत कागदावर पडायचं, छापील मतपत्रिकेवर फुलीचा रबरी शिक्का मारून, आणि दर निवडणुकीत ढिगानं मतं बाद व्हायची. लोक शिक्क्याऐवजी अंगठा उठवत, दोन चिन्हांच्या मधल्या रेघेवर शिक्का मारत, किंवा कागद नीट घडी करून घरी घेऊन जात. म्हणून निवडणुकीआधी वस्त्यावस्त्यांतून लोकांना मत कसं द्यावं हे शिकवायचं ठरलं आणि आमच्या पाऱ्याचं, म्हणजे मोहल्ल्याचं, काम बाबांकडे आलं. त्यांना एक जुनी मतपेटी, एक शिक्का, जांभळ्या शाईचं पॅड, लाखेच्या कांड्या, सुतळी आणि एक पुस्तिका मिळाली. पुस्तिका बाबांनी तोंडपाठ केली. एरवी घरात वऱ्हाडी बोलणारा हा माणूस निवडणुकीबद्दल बोलताना छापील बोलू लागायचा. "मले भाकर वाढ" आणि "मतदारानं मतपत्रिकेची प्रथम उभी घडी करावी" ही दोन्ही वाक्यं एका ताटावर, एकाच तोंडातून यायची.

त्यांची दुसरी सवयही सांगायला हवी. हातात आलेला कुठलाही कागद लघुस्वाक्षरी केल्याशिवाय त्यांच्या हातून सुटत नसे. लग्नपत्रिका आली की कोपऱ्यात "पाहिले", खाली सही, खाली तारीख. दूधवाल्याचं कार्ड, माझी चित्रकलेची वही, भिंतीवरचं कालनिर्णय, सगळीकडे ती सही होती. आईच्या लोणच्याच्या बरणीवर चिकटवलेल्या चिठ्ठीवरसुद्धा होती. आम्हाला ती दिसेनाशी झाली होती, जशी रोजची घंटा ऐकू येईनाशी होते.

घंटा पहाटेपासून वाजायच्या. आमच्या तीन भाड्याच्या खोल्या एका देवळाच्या पाठीला टेकून होत्या, आणि त्या पाऱ्यात देवळं इतकी, की एकाची आरती संपेपर्यंत दुसऱ्याची सुरू व्हायची. त्यात निवडणुकीचे दिवस. भोंगा बांधलेली सायकलरिक्षा गल्लीत शिरायची, समोरून दुसऱ्या पक्षाची रिक्षा यायची, गल्ली अरुंद, दोन्ही अडकायच्या, आणि मग दोन्ही भोंगे समोरासमोर उभे राहून अर्धा अर्धा तास देशाला वाचवत. या सगळ्यात आईच्या पाट्या-वरवंट्याचा आवाज मात्र वेगळा कळायचा. रविवारी पाटवड्यांचा रस्सा, आणि आठवड्यात एकदा मालकीणबाईंनी शिकवलेला तांदळाच्या पिठाचा चीला, लाल मिरचीच्या चटणीबरोबर. नागपूरकडचे पाहुणे त्याला धिरडं म्हणत, आणि आई त्यांना दुसरा वाढत नसे.

घरात आम्ही पाच जण होतो. बाबा, आई, मी, माझ्याहून मोठा सुधाकरदादा आणि बाबांची थोरली बहीण, जिला आम्ही मोठ्या आत्या म्हणायचो. आत्या विधवा होत्या, सासर अकोल्याचं. तिथून निघून त्यांना पुष्कळ वर्षं झाली होती, पण अकोला त्यांच्यातून निघालं नव्हतं. दादा बीरगावच्या एका कारखान्यात सुपरवायझर होता, स्कूटर बाळगून होता, आणि रायपुरात वाढलेल्या पोरांसारखा मराठी ऐकून हिंदीत उत्तर द्यायचा. मी नुकतीच बी.ए. झाले होते. मताचं वय एकवीसवरून अठरावर आलं होतं, त्यामुळे घरातले पाचही जण मतदार होते. बाबांना याचा अभिमान होता, जणू घटनादुरुस्ती आमच्याकडे पाहूनच झाली.

माझ्यापुढे तेव्हा दोन वाटा होत्या. अभनपूरच्या एका मुलींच्या शाळेनं मला मास्तरीण म्हणून बोलावलं होतं. रोज सकाळी छोट्या लाईनीच्या गाडीनं जायचं, संध्याकाळी परत. ती गाडी इतकी सावकाश चालायची की वाटेत कुणी ओळखीचं दिसलं तर लोक दारातून त्याच्या घरची खुशाली पुरती विचारून घेत. दुसरी वाट अकोल्याची. आत्यांच्या सासरच्या नात्यातला नगरपालिकेतला एक मुलगा, घर स्वतःचं, दिवाळीच्या आत होकार हवा. मला अभनपूर हवं होतं. हे मी एकदा बोलून दाखवलं होतं.

"रोज रेलगाडीत बसून जाईन पोट्टी?" आत्या म्हणाल्या. "कोणाच्या शेजारी बसीन, काय सांगता येते?"

"बायकांचा डबा असतो, आत्या."

"मंग डब्यातच राह्य म्हणा. लगन काहून करते?"

आई म्हणायची, "मले काय समजते, तुमी पाहा." बाबा म्हणायचे, "विचार करू." सरकारी ऑफिसात या वाक्याचा अर्थ काय होतो ते मला ठाऊक होतं.

तर चौकातल्या प्रात्यक्षिकाआधी बाबांनी घरात तालीम घ्यायचं ठरवलं. खऱ्या पक्षांची चिन्हं वापरायला बंदी होती. आईनं भाज्या सुचवल्या. मी एका कागदावर वांगं, कारलं, दोडका आणि भोपळा काढला, बाबांनी त्यांच्यापुढे निर्दोष नावं लिहिली. डाळ पातेल्यात गेली, पेटी खाली आली. पहिल्या मतदार आत्या. पडद्याआड गेल्या, बराच वेळ ठपठप आवाज आला, आणि बाहेर आल्या तेव्हा चारही भाज्यांवर जांभळी फुली होती.

"अक्का, एकालेच मारायचं," बाबा म्हणाले.

"काहून? बाकीच्यायनं काय पाप केलं?"

"निवडायचं असते एकाले."

"नाना, हळदीकुंकवाले चार बाया बसल्या आन् एकीलेच कुंकू लावलं, तं कसं दिसते? शोभते काय?"

पुस्तिकेत हा प्रश्न नव्हता. आईनं तर शिक्का एका कोपऱ्यात, चारही भाज्यांपासून लांब, कोऱ्या जागेवर मारला होता, म्हणजे कुणालाच वाईट वाटायला नको. तेवढ्यात टोपली घेऊन भाजीवाली सुकवारो दारात आली. बाबांनी उत्साहानं तिलाही कागद दाखवला. तिनं वांग्यावर बोट ठेवून विचारलं, "भांटा जीतही त सस्ता होही का, बाबू?" बाबा म्हणाले, नाही, वांगं जिंकलं म्हणून स्वस्त होत नाही, हे फक्त शिकण्यापुरतं आहे. "हव," ती म्हणाली, आणि शिक्का परत दिला.

आता मतदान केंद्राबाहेर पुठ्ठ्याची चौकट ठेवतात, तिच्यात तोंड घालून शाईचं बोट दाखवत फोटो काढायचा असतो. रांगोळ्या असतात, शपथा असतात, मागच्या वेळी तर आमच्या केंद्रावर बँड होता. मला सुकवारोचा प्रश्न आठवतो. जनजागृतीचं एवढं साहित्य निघालं, त्यात त्या प्रश्नाचं उत्तर अजून कुठं छापलेलं दिसलं नाही.

रात्री जेवताना बाबा खिन्न होते. लोकांना मत देता येतं, त्यांना काही ठरवायचं नसलं की मग येत नाही, असा निष्कर्ष त्यांनी काढला. आयुष्यात त्यांनी स्वतःच्या डोक्यानं काढलेला हा एकमेव राजकीय निष्कर्ष असेल. दादा भाकरी मोडत म्हणाला, "तो शैला की शादी का ही इलेक्शन करा लो. रोज-रोज की किटकिट तो खत्म होगी."

तो चेष्टेत बोलला. पण कार्यपद्धतीच्या बाबतीत बाबांना चेष्टा समजत नसे. ते जेवता जेवता थांबले. "पाच मतदार," ते म्हणाले. "विषम संख्या. बरोबरी होऊ शकत नाही." आणि आमच्या घरात निवडणूक जाहीर झाली.

उमेदवार दोन, अभनपूर आणि अकोला. आम्हा पाचांनाही वाचता येत होतं, तरी चिन्हं हवीतच असं बाबांचं म्हणणं. अभनपूरला जेवणाचा डबा मिळाला, अकोल्याला पाट. घरात चित्र काढणारी मीच, म्हणजे माझ्या भविष्याच्या दोन्ही बाजू मलाच काढाव्या लागल्या. पाट मी मुद्दाम किरकोळ काढला असा आत्यांनी आक्षेप घेतला. बाबांनी फूटपट्टीनं दोन्ही चिन्हं मोजली आणि आक्षेप मान्य केला. मला पाट मोठा करावा लागला, वर त्याला नक्षीही. मग आचारसंहिता लागली. आत्यांनी त्याच दुपारी दादाच्या ताटात जास्तीच्या पाटवड्या वाढल्या आणि अकोल्याच्या मुलाचा पगार सांगितला. बाबांनी हे प्रलोभन ठरवलं.

"तो क्या वापस करूँ?" दादा म्हणाला. तोंडात पाटवडी होती.

"ताकीद देऊन सोडत आहे," बाबा म्हणाले.

माझा प्रचार काहीच नव्हता. दादाचं मत मला माहीत होतं. "रोज सुबह स्टेशन छोड़ने कौन जाएगा? मैं? मैं नहीं जाऊँगा," असं त्यानं दहा वेळा सांगितलं होतं. आत्यांचं तर साऱ्या पाऱ्याला माहीत होतं. आई कुणाच्या विरुद्ध कधी गेली नव्हती, निदान आवाज करून तरी नाही. मी मोजलं तर माझ्याकडे माझं एक मत होतं, आणि बाबांचं असावं अशी आशा होती, कारण मला शिकवायचा हट्ट त्यांचाच. मी हरणार होते, आणि तेही कायदेशीर. साधं हरले असते तर रडता तरी आलं असतं. निकालावर रडणं खिलाडूवृत्तीला धरून नाही, असं बाबांनी आधीच सांगून ठेवलं होतं.

मतदान रविवारी सकाळी झालं. आतल्या खोलीत कपाटाचं दार उघडं ठेवून त्यावर चादर टाकली होती, त्यामागे स्टूल, स्टुलावर शिक्का आणि पॅड. बाहेर टेबलाशी बाबा, धुतलेला सदरा घालून. बोटाला लावायची पक्की शाई शिकवणीसाठी मिळाली नव्हती, म्हणून त्यांच्या फाउंटन पेनची शाई काडीनं लावायची. आत्यांनी लावून घेतली आणि पूजा राहिलीय म्हणून तिथल्या तिथे धुऊन टाकली. बाबांनी डोळे मिटून घेतले. मग आई आली.

"नाव?"

आईनं सांगितलं.

"पतीचं नाव?"

आईनं स्वयंपाकघराकडे पाहिलं. आयुष्यात तिनं ते कधी उच्चारलं नव्हतं. "तुमाले माहीत नाही काय?"

"मी कोण ते इथं महत्त्वाचं नाही. मतदाराची ओळख पटली पाहिजे."

"बिना उखाण्यानं नाव नाही घेत मी."

"मंग उखाणा घे."

"आता कोणता आठवीन! गॅसवर रस्सा आहे माहा."

अखेर आत्या पुढे झाल्या. "मी ओळखते हिले. हेच ते नानाची बायको. लेकराची आण." बाबांनी अकोल्याच्या प्रतिनिधीची साक्ष ग्राह्य धरली. आई चादरीमागे गेली, पदर सावरत लगेच बाहेर आली, पेटीत कागद टाकला आणि रश्शाकडे पळाली. दादानं शिक्का एवढ्या जोरात मारला की स्टूल हललं. मी मारला आणि पुस्तिकेतल्याप्रमाणे आधी उभी घडी केली, मग आडवी, ओली शाई दुसऱ्या चिन्हाला लागू नये म्हणून. शेवटी बाबा स्वतः गेले. मतदान अधिकारी तटस्थ असतो, मतदार तटस्थ नसतो, असं त्यांनी आम्हाला समजावून सांगितलं आणि चादरीमागे दिसेनासे झाले. तिथे त्यांना सगळ्यांत जास्त वेळ लागला.

मोजणी जेवणानंतर झाली, कारण आईनं रस्सा थंड होऊ द्यायला नकार दिला. जेवताना पेटी लाखेनं मोहोरबंद होऊन आमच्या मधोमध होती. लाखेचा जळका वास आणि रश्शातल्या खसखशीचा वास एकत्र आला की मला आजही ती दुपार आठवते. तेव्हा जेवण गेलं नव्हतं.

बाबांनी हात धुतले, मोहोर फोडली, पेटी उलटी करून रिकामी झाल्याचं सगळ्यांना दाखवलं. पहिला कागद उघडला, चारी दिशांना फिरवला. डबा. दुसरा. पाट, नक्षीवर नेमका शिक्का. आत्यांनी मान डोलावली. तिसरा कागद बाबांनी उघडला आणि तो फिरवायचे थांबले.

मी जवळ होते, मला दिसलं. पाटाच्या चौकोनात शिक्का स्वच्छ उमटला होता, बरोबर मध्यभागी. खाली निळ्या शाईत लघुस्वाक्षरी. खाली तारीख.

"बाबा," दादा म्हणाला, "ये तो आपका है."

बाबा कागदाकडे पाहत राहिले. तीस वर्षांच्या नोकरीत सरावलेल्या हातानं ते परस्पर उरकून टाकलं होतं, त्यांना न विचारता. मला एवढंच कळलं की माझे बाबा पाटावर होते.

"एक-एक झालं होतं ना?" आत्या पुढे सरकल्या. "आता अकोला दोन."

"नाही," बाबा म्हणाले. "मतदाराची ओळख पटेल अशी कोणतीही खूण मतपत्रिकेवर असेल, तर ते मत बाद."

"अवो, पाटावर मारलं ना तुमी?" आई दारातून म्हणाली. "मंग धरा की! साफ दिसून राहिलं."

"दिसून राहिलं म्हणूनच बाद."

"नाना, आपलाच माणूस आपलं मत फेकते काय? घरातली गोष्ट आहे, कोण पाहून राहिलं?"

"पाच जण पाहून राहिले, अक्का." त्यांनी कागद पालथा केला, मागे "रद्द" असं लिहिलं, आणि त्याखाली सही करून तारीख टाकली. कुणी हसलं नाही. त्या क्षणी उरलेले दोन कागद कुणाचे आणि कुणीकडे, हे त्यांनाही माहीत नव्हतं. आपलं मत कमी केल्यानं आपली बाजू हरू शकते एवढं मात्र माहीत होतं. त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही. चष्मा काढून सदऱ्याच्या टोकानं पुसला आणि चौथा कागद उघडला.

डबा.

पाचवा उघडायला त्यांना जरा वेळ लागला. घडी उलटसुलट झाली होती.

डबा.

बाहेर कुठल्या तरी देवळात घंटा वाजत असणार, कारण वाजतच असायच्या. मला आठवते ती फक्त आईची लगबग. तिला एकदम चहाची आठवण झाली आणि ती आत गेली. दादा स्कूटरची किल्ली शोधू लागला. ती त्याच्या हातातच होती. आत्यांनी फेरमोजणी मागितली. बाबांनी नियमाप्रमाणे केली. डबा तीन, पाट एक, बाद एक. "अभनपूर विजयी घोषित करण्यात येत आहे," ते उभे राहून म्हणाले, आणि मग बसल्यावर, वेगळ्या आवाजात, "सकाळची गाडी किती वाजता आहे, पाहून ठेव."

अकोल्याला पाठवायच्या पत्रात त्यांनी "घरात झालेल्या मतदानानुसार" असं लिहिलं होतं. आईनं ते पत्र फाडायला लावून दुसरं लिहायला लावलं. चौकातलं प्रात्यक्षिकही ठरल्याप्रमाणे पार पडलं. तिथे भाज्यांचीच निवडणूक होती आणि पाऱ्यातल्या बायकांनी चारही भाज्यांना समान न्याय दिला. बाबांनी वरच्यांना अहवाल पाठवला की प्रतिसाद उत्साहवर्धक होता.

मी अभनपूरला रुजू झाले. रोज सकाळी दादा कुरकुरत मला स्टेशनवर सोडायचा, आणि गाडी सुटेपर्यंत, तिला सुटायला वेळ लागायचाच, पलीकडे तोंड करून उभा राहायचा. पुढे बदल्या झाल्या, मोठ्या शाळा झाल्या, लग्नही झालं, माझ्या सोयीनं आणि दुर्गच्या माणसाशी. नागरिकशास्त्र मला आपोआप येत गेलं, कारण ते इतर कुणाला नको असायचं. मत गुप्त का असावं, या धड्यावर मुली जांभया द्यायच्या. दबावाविना मत देता यावं म्हणून, असं उत्तर मी फळ्यावर लिहून द्यायचे. बाबांनी त्या रविवारचा विषय पुन्हा काढला नाही. त्यांचं मत तेवढं मला नक्की माहीत होतं, आणि त्याचा राग मला कधी धरता आला नाही. स्वतःच्या हातानं बाद केलेल्या मताचा राग तरी किती धरणार?

राहिले तिघे. पहिल्या पगारातून मी आत्यांना लुगडं आणलं, ते नेसून बघताना त्या म्हणाल्या, "मी तं अकोल्यालेच देल्लं होतं, मले खोटं नाही बोलता येत." काही वर्षांनी एका लग्नात, अकोल्याच्या पाहुण्यांना जिलबी वाढताना, आईनं माझ्यादेखत त्यांना सांगितलं की तिचं मत पाटालाच होतं, पण काय करता, बहुमत. आणि मागच्या महिन्यात दादाचा फोन आला होता, गुडघ्यांबद्दल बोलत होता, मध्येच म्हणाला, "वैसे मैंने तो अकोला को ही वोट दिया था, तुझे पता है ना?" मी म्हटलं, पता है.

अकोल्याला पडलेलं वैध मत एक होतं.